दात्याला लिहिलेले पत्र

दान या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दान कोणत्या काळी, कोणत्या स्थळी व कोणाला द्यावे, याची चर्चा धर्मशास्त्रकारांनी बारकाईने केली. घेणाऱ्याची पात्रताही त्यांनी तपासून पाहिली. परंतु देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये पुष्कळदा आणखी एक माणूस उभा असतो. तो दुसऱ्यासाठी मागणारा होय. त्याच्याकडे मात्र विचारवंतांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. आपल्या जुन्या व्यवस्थेत त्याची गरजही थोडीच होती. माधुकरी मागणारा विद्यार्थी स्वतःच दाराशी येई. वासुदेव, गोंधळी किंवा जोगवा मागणारी देवीची भक्तीण यांना ओळख पटविण्यासाठी कागदाचा चिटोराही लागत नसे. मागणारा डोळ्यांसमोर असे आणि घातलेले पसाभर धान्य कोणाच्या झोळीत गेले, तेही दिसत असे.

समोरासमोरचे हे देणे आजही नाहीसे झालेले नाही. बंगळूरच्या शिवाजीनगरातील सेंट मेरी बॅसिलिकेत दरवर्षी ८ सप्टेंबरला मरियमेच्या जन्माचा उत्सव होतो. त्याआधीचे नऊ दिवस तेथे जी गर्दी लोटते, तिच्यात ख्रिस्ती किती आणि इतर धर्मांचे किती, हे सांगणे कठीण. नवस बोलणारा मेणबत्ती लावतो, पेटीत नाणे टाकतो आणि निघून जातो. त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याची कोणाला गरज पडत नाही. देवस्थान हेच तेथे मागणाऱ्याचे काम करते.

परंतु ख्रिस्ती मंडळीची कार्ये केवळ देवळाच्या चार भिंतींत राहिली नाहीत. शाळा, दवाखाने, अनाथालये हजारो मैलांवर निघाली आणि पैसा देणारा एका खंडात, तर ज्याच्यासाठी तो दिला तो दुसऱ्या खंडात अशी स्थिती आली. मग दोघांमध्ये एकच दुवा उरला, आणि तो म्हणजे पत्र. या पत्राचा इतिहास महाराष्ट्राशी निकट जोडलेला आहे, आणि त्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण एका मराठी विदुषीचे आहे. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

प्रारंभ मात्र फार जुना आहे. पहिल्या शतकाच्या मध्यास संत पौलाने यरुशलेमातील गरीब बांधवांसाठी निधी गोळा केला. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या त्याच्या दोन्ही पत्रांत त्याविषयी मजकूर आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ होणार नाही, अशी व्यावहारिक सूचना तो करतो. मासेदोनियाच्या लोकांनी गरिबीतही किती सढळ हाताने दिले, हे तो सांगतो. रक्कम मोठी असल्यामुळे कोणी संशय घेऊ नये, यासाठी ती नेण्याच्या कामी तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूसही देतो. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. पौलाने मासेदोनियात करिंथकरांची स्तुती करून ठेवली होती, आणि आता तेथील माणसे करिंथला आली व काहीच तयारी दिसली नाही, तर आपली फजिती होईल, याची चिंता त्याला लागलेली आहे. एका मंडळीविषयी दुसरीजवळ जे बोलावे, ते पहिलीच्या कानावर जाणारच, हे त्याने ओळखले होते. आपल्या विषयाचे मर्म या चिंतेत आहे.

आता एकदम अठरा शतके ओलांडून मुंबईत येऊ. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. पुढच्या वर्षी सॅम्युएल न्यूएल त्यांना येऊन मिळाले. हॉल आणि न्यूएल यांनी मिळून एक पुस्तिका लिहिली. ती १८१८ साली अमेरिकेतील अँडोव्हर येथे प्रसिद्ध झाली. जगातील साठ कोटी लोकांना सुवार्ता पोहोचविण्याचे ऋण अमेरिकेतील मंडळ्यांवर आहे, असा तिचा आशय होता. किती माणसे लागतील आणि मंडळ्यांनी किती भार उचलावा, याची त्रैराशिके तीत मांडली होती. मुंबई बेटावर बसून लिहिलेले हे आवाहन न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून वाचले गेले. लिहिणाऱ्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. न्यूएल १८२१ साली मुंबईत आणि हॉल १८२६ साली नाशिककडील दौऱ्यात, असे दोघेही पटकीने याच भूमीत मरण पावले.

त्यांच्यामागून पत्रांचे हे शास्त्र वाढत गेले. ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकातून हिंदुस्थान, सिलोन, हवाई बेटे येथील पत्रे अमेरिकेतील घराघरांत जाऊ लागली. सिलोनच्या शाळांतील मुलांचा खर्च एकेका दात्याने उचलावा आणि मुलाला आपल्या पसंतीचे नाव द्यावे, अशीही पद्धत निघाली. १८५६ साली पॅसिफिक महासागरातील बेटांसाठी ‘मॉर्निंग स्टार’ हे जहाज बांधावयाचे ठरले, तेव्हा रविवारच्या शाळांतील मुलांना दहा-दहा सेंटांचे भाग विकण्यात आले. आपल्या खाऊच्या पैशांतून आपण एका जहाजाचे मालक झालो, या कल्पनेने त्या बालकांना केवढा आनंद झाला असेल! लहान रक्कम, तिला जोडलेली ठसठशीत वस्तू आणि पुढे वर्षानुवर्षे येणारी वार्ता, या तीन गोष्टी माणसाला देता करतात, हे त्या काळच्या मिशन मंडळींनी नीट ओळखले होते.

परंतु या पत्रव्यवहारात एक उणीव होती. ज्यांच्याविषयी लिहिले जाई, ते ती पत्रे वाचत नसत. मुंबईतील किंवा जाफन्यातील माणूस हा त्या पत्राचा विषय होता. त्याचा वाचक नव्हता. त्यामुळे दुःखाचे चित्र किती गडद रंगवावे, याला लिहिणाऱ्याच्या सद्‌सद्विवेकाखेरीज दुसरा लगाम नव्हता. तो लगाम पडण्यासाठी दोन्ही बाजूंना एकच मजकूर वाचला जाण्याची वेळ यावी लागली. ती वेळ पंडिता रमाबाईंच्या कार्यात आली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीत, गंगामूळच्या अरण्यात झाला. अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान पित्याच्या कन्येने पुराणे सांगत हिंदुस्थान पायी पालथा घातला, दुष्काळात आईबाप व बहीण गमावली, कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविल्या, हा सर्व इतिहास श्रोत्यांना ठाऊक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच पाहावयाचे की, द्रव्य उभे करण्याची त्यांची रीत पहिल्यापासूनच निराळी होती. १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा प्रवासाचा खर्च त्यांनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून भागविला. त्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि पुढच्या वर्षी तेथेच ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी बालविधवांसाठी शाळा काढण्याची योजना मांडली होती. म्हणजे वाचकाने आधी पुस्तक विकत घेऊन प्रश्न समजून घ्यावयाचा आणि मग वर्गणीचा विचार करावयाचा, असा तो क्रम होता.

१८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. निरनिराळ्या पंथांचे धर्मोपदेशक आणि फ्रान्सेस विलर्ड यांच्यासारख्या स्त्रीकार्यकर्त्या तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. दहा वर्षेपर्यंत दरसाल ठरावीक वर्गणी द्यावयाची, असे वचन सभासदांनी दिले. या दहा वर्षांच्या मुदतीचे महत्त्व मोठे आहे. एकदाच मोठी रक्कम देणारा दाता आपल्या उदारपणावर संतुष्ट होऊन विसरून जातो. दहा वर्षे थोडे थोडे देणारा दहा वेळा विचारतो की, माझ्या पैशाचे काय झाले? त्याला दहा वेळा उत्तर द्यावे लागते. दरवर्षी अहवाल जाई, हिशेब जाई आणि त्यावर वार्षिक सभेत चर्चा होई. रमाबाई अमेरिकेत होत्या, त्या काळात तेथील धर्मपंथ व धर्मादाय संस्था यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात त्यांनी या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे वचन होते. त्या वचनाची ग्वाही म्हणून न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. येथे रमाबाईंच्या कार्याची खरी अवघड रचना दिसते. त्यांना दोन दाते होते. बोस्टनचा दाता पैसे देत होता. पुण्या-मुंबईचा दाता आपली विधवा मुलगी किंवा बहीण देत होता. पहिल्याचे दान डॉलरांत मोजता येत होते. दुसऱ्याचे मोजण्यास माप नव्हते. आणि दोघांनाही विश्वास वाटला पाहिजे होता.

ठिणगी पडली ती वृत्तपत्रातून. १८८९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनातील काही विधवांना ख्रिस्ती धर्माविषयी प्रेम वाटू लागल्याचे वृत्त दिले. तेथील वाचकांना ते वाचून समाधान वाटले असणार. पण आगबोटी तोपर्यंत वेगाने चालू लागल्या होत्या. ते वृत्त मुंबईस पोहोचले आणि १८९० च्या आरंभी ‘केसरी’ने ते उचलले. अमेरिकेतील धार्मिक वाचकाला जी ओळ आशेची वाटली, तीच पुण्याच्या पित्याला धोक्याची घंटा वाटली. शब्द एकच होते. कान दोन होते.

पुढील तीन वर्षांची कथा परिचित आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि येऊन बसणाऱ्या मुलीला बाहेर काढीत नसत. कोणालाही सक्ती करणार नाही, पण माझ्या श्रद्धेला कुलूपही लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. टीकाकारांना हा वचनभंग वाटला. १८९३ च्या ऑगस्टात रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बोस्टनहून असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षा ज्यूडिथ अँड्र्यूज स्वतः हिंदुस्थानात आल्या. त्यांनी डोळ्यांनी सर्व पाहिले आणि रमाबाईंवर विश्वास कायम ठेवला. पैशाचा दाता टिकला. मुली देणारा दाता मात्र दुरावला.

या वादात कोणाची बाजू बरोबर होती, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि रानडे-भांडारकरांना ज्या पालकांच्या विश्वासाची जबाबदारी वाटत होती, तीही खोटी नव्हती. मला दाखवावयाचे ते इतकेच की, अडचण केवळ धर्माची नव्हती. ती सांगण्याचीही होती. तटस्थता म्हणजे काय, याचा अर्थ बोस्टनने एक केला, पुण्याने दुसरा केला, आणि दोन्ही अर्थ एकाच कागदावर समोरासमोर मांडून त्यांचा मेळ घालण्याचे काम वेळीच झाले नाही. वर्गणीदाराला सांगितलेले आणि शेजाऱ्याला सांगितलेले यांत खोटे काहीच नसले, तरी जेवढे अंतर राहिले, तेवढ्याच अंतरातून संशय आत शिरला.

याच प्रकारचा दुसरा प्रसंग १८९५ साली अमेरिकेतच घडला. स्वामी विवेकानंद तेव्हा ब्रुकलिन येथे व्याख्याने देत होते. हिंदू विधवांच्या छळाची चित्रे तिकडे अतिशयोक्तीने रंगविली जातात, असे त्यांचे म्हणणे पडले. ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलमधील स्त्रियांनी त्याचा वृत्तपत्रांतून जोराने प्रतिवाद केला. पुढे स्वामींनी तेथेच एक व्याख्यान देऊन त्याचे उत्पन्न कलकत्त्याजवळील बारानगर येथे शशिपद बॅनर्जी चालवीत असलेल्या विधवांच्या शाळेला दिले. म्हणजे विधवांना साह्य हवे, हे दोघांनाही मान्य होते. भांडण होते ते साह्य मागताना एका संपूर्ण समाजाचे चित्र कसे काढावे, याविषयी. विधवेचे दुःख खरे होते. रमाबाईंनी ते अंगावर सोसले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला अधिकार होता. परंतु तेच दुःख शंभर सभांतून शंभर तोंडांनी सांगितले जाऊ लागले की, त्यातील माणूस नाहीसा होतो आणि केवळ दुःख उरते. ज्या देशाविषयी ते सांगितले जाते, तो देश मग आपली बाजू मांडावयास उठतो. दात्याच्या अश्रूंवर उभारलेला निधी फार काळ टिकत नाही, आणि टिकला तरी त्याची किंमत भलत्यालाच द्यावी लागते.

१८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, त्यांनी झालेल्या कामाचा वृत्तान्त सभासदांपुढे ठेवला आणि असोसिएशनची पुनर्रचना झाली. दरम्यान १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या होत्या. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. हे मात्र उघडउघड ख्रिस्ती होते. तटस्थतेचे वचन नव्हते, म्हणून ते मोडल्याचा आरोपही नव्हता. कोणाला ही संस्था आवडो वा न आवडो, ती काय आहे याविषयी बोस्टन आणि पुणे यांना आता एकच उत्तर मिळत होते. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्यांना पोसावयाचे कसे? येथे रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा मार्ग डोळ्यांसमोर ठेवला. म्युलर (१८०५-१८९८) यांनी हजारो अनाथ मुले पोसली आणि कोणाही माणसापाशी पैसा मागावयाचा नाही, केवळ देवापाशी मागावयाचा, असा निर्बंध पाळला. त्यांचे चरित्र वाचून आपल्यावर झालेला परिणाम रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितला आहे. परंतु म्युलर मागत नसले, तरी सांगत असत. त्यांचे वार्षिक वृत्तान्त प्रसिद्ध होत आणि त्यांत लहानातली लहान देणगीही नोंदलेली असे. केडगावहूनही अहवाल निघत, आणि ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे छोटेखानी इंग्रजी पत्र देशोदेशीच्या स्नेह्यांना जाई. त्यात दुष्काळाची वार्ता असे, तशी छापखाना, माग, शेती, विहिरी यांचीही असे. मुली केवळ जेवतात एवढेच दात्याला न कळता, त्या काय शिकतात आणि काय निर्माण करतात, हेही कळे. याचनेतून निवेदनाकडे झालेली ही वाटचाल आहे. मागणाऱ्याने हात आखडता घेतला आणि वही उघडी ठेवली.

याच शारदा सदनातून दानाची आणखी एक वाट फुटली. सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. अण्णासाहेबांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे १९०० साली हिंगण्यास गेला. कर्व्यांपुढे बोस्टन नव्हते. ज्या समाजाने त्यांना वाळीत टाकले, त्याच समाजाच्या दारी त्यांना जावे लागले. महाविद्यालयाला सुटी लागली की, पावतीपुस्तक घेऊन ते गावोगाव हिंडत आणि आणा-दोन आण्यांच्या वर्गण्याही स्वीकारीत. त्यांच्या अहवालाचा वाचक शेजारीच राहत होता. त्यात एखादे वाक्य वाढवून लिहिले असते, तर दुसऱ्या दिवशी तो आश्रमात येऊन ते तपासू शकला असता. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी निधी मिळविण्यास देशभर फिरल्या आणि १९१८ साली अमेरिकेलाही गेल्या. मंडळ्यांना रमाबाईंकडून जे शिकावयाचे, तेच कर्व्यांकडूनही शिकावयाचे आहे. दाता जितका जवळ, तितके लिहिणे संयमाचे होते. आणि दूरच्या दात्यालाही जवळच्यासारखे मानून लिहिणे, ही या कलेची खरी कसोटी आहे.

ख्रिस्ती मंडळीतही हा प्रश्न मूळ धरून होता. अमेरिकेच्या पैशावर चालणारी अहमदनगरची मंडळी ही खरोखर कोणाची, असा सवाल रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या मनाला सतत टोचत असे. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ साली मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. अभंग आणि कीर्तन यांच्या द्वारा ख्रिस्तनिष्ठा मराठी मातीत रुजवावयाची, तर तिचा पोशिंदाही याच मातीतला असला पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार फार वाढला नाही. पण विचार मेला नाही.

त्या विचाराचे रूप खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत कापणीच्या सणाच्या दिवशी पाहावयास मिळते. कोणी ज्वारीचे पोते आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा; आणि उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो. भोपळ्याला बाजारभावाच्या दहापट किंमत येते व त्याबरोबर पुष्कळ हशाही पिकतो. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० च्या सुमारास दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची प्रथा सुरू केली. त्या मुठींतून तेथील मंडळी स्वावलंबी होत गेली. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी निघालेला मुष्टिफंड याच जातीचा. मूठ काढणारी बाई निधी कोठे जातो हे विचारण्यास कचरत नाही, कारण तो तिच्या डोळ्यांसमोरच खर्च होत असतो.

आज मागण्याची साधने पालटली आहेत. मंडळीचे निवेदन क्षणात हजारो घरी जाते. दानपेटीशेजारी चौकडीचे चित्र टांगलेले असते आणि खिशातील फोनने ते टिपले की दान पोहोचते. परदेशाहून येणाऱ्या देणग्यांवर १९७६ साली कायदा झाला, त्याच्या जागी २०१० साली नवा आला व २०२० साली त्यात दुरुस्ती झाली. अशी देणगी प्रथम नवी दिल्ली येथील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत जमा व्हावी लागते आणि तिचा जमाखर्च दरसाल सरकारला कळवावा लागतो. नियम हवेतच; शासनाच्या सेवेत आयुष्य गेलेला माणूस त्याविरुद्ध काय बोलणार? पण कायद्याचा हिशेब सरकारसाठी असतो. तो दात्याच्या मनातील प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि ज्याच्या नावाने मागितले त्याच्या मानाचे रक्षणही करीत नाही. ही दोन्ही कामे मागणाऱ्यालाच करावी लागतात.

ती कशी करावीत, याचे उत्तर वरील इतिहासातच आहे. थोडे मागावे, पण मुदतीने मागावे, म्हणजे पुन्हा पुन्हा उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर राहते. हिशेब आधी मांडावा आणि गरज मागून सांगावी. आपण कोण आहोत व काय करणार आहोत, हे देणाऱ्याला आणि शेजाऱ्याला एकाच शब्दांत सांगावे. रुपयाची पावती द्यावी, तशी मुठीचीही द्यावी. या सर्वांवर एक सोपी परीक्षा आहे. दात्याला धाडावयाचे पत्र आधी ज्या मुलीसाठी, ज्या रोग्यासाठी, ज्या म्हाताऱ्यासाठी मागितले, त्याच्यासमोर मोठ्याने वाचून पाहावे. ऐकताना त्याची मान खाली गेली, तर ते पत्र फाडून टाकावे. ऐकून तो म्हणाला की, होय, हे असेच आहे, तर ते निःशंकपणे टपालात टाकावे. मग ते बोस्टनला जावो की बुधवार पेठेत.